तीन मिनिटं अकरा सेकंद

४ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप मामास,

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

बघ, शाळेत शिकवलेलं सगळं लक्षात आहे. फोन तू उचलत नाहीस, मेसेजला नुसता अंगठा पाठवतोस, म्हणून आता कागद. याला तरी उत्तर लिहावंच लागेल तुला.

काम आहे. मी ज्या केंद्रात नोकरी करते तिथे गोंगाट, उजेड, वास, स्पर्श यांतलं काही ना काही ज्यांना सोसत नाही अशी मोठी माणसं येतात, हे तुला माहीत आहे. कुणी जन्मापासून तसं, कुणी अपघातानंतर, कुणी कामापायी. शुक्रवारी दुपारी तीन ते चार त्यांचा ऐकण्याचा तास असतो. सात जण बसतात. खोलीत जाजम आहे, खुर्च्यांच्या पायांना टेनिसचे चेंडू कापून बसवलेत, गुणगुणणारी ट्यूबलाइट मी काढायला लावली आणि त्या तासापुरता बाहेरचा पाण्याचा कूलरही बंद ठेवते. दार नेहमी अर्धं उघडं. कुणीही न विचारता उठून जावं.

तर इतके दिवस मी त्यांना झऱ्याचा खळखळाट, पाखरं, बासरी असलं ऐकवत होते. गेल्या शुक्रवारी आमचे वेल्डर (चाळीस वर्षं कारखान्यात वेल्डिंग केलं, आता पत्र्यावर पत्रा घासला तरी त्यांना घाम फुटतो) म्हणाले, "ताई, हे झरे पुरे झाले. मी अजून मेलेलो नाही. तरुणपणी आम्ही रॉक ऐकायचो. मुलगी सोडून गेली की ऐकायची ती हळू गाणी असतात ना, ती लावा." आणि बाकीच्या सहा जणांनी माना डोलावल्या! दोन वर्षांत पहिल्यांदा या सात जणांचं एका गोष्टीवर एकमत झालं.

मला रॉकमधलं ओ की ठो कळत नाही. तू पस्तीस वर्षं मोठमोठ्या बँडच्या कार्यक्रमांत आवाजाचं मिक्सर सांभाळलंस. या सात जणांना सोसतील अशी रॉक बॅलड निवडून दे.

दुसऱ्या विषयावर लिहिणार नव्हते, पण लिहिते. दीड वर्ष झालं, तू घराबाहेर पडत नाहीस. काम सोडलंस. आईच्या साठीला आला नाहीस. ती तुझी एकुलती एक बहीण आहे आणि ती म्हणते, माझा भाऊ मला हरवला. तुला काय झालंय ते सांगत नाहीस, ठीक आहे. गाणी तरी सांग.

तुझी
चिमी


११ फेब्रुवारी

चिमे,

अनेक आशीर्वाद. अक्षर अजून कोंबडीचे पाय आहे.

आधी तुझ्या आईला सांग की मला काही धाड भरलेली नाही. कान खणखणीत आहेत. पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे आवाज नीट करत बसलो, आता कंटाळा आला. माणसाला कंटाळा यायची सोय आहे की नाही? ताईला सगळ्याचं नाटक करायची सवय लहानपणापासून आहे. मी झाडावर चढलो तरी ती खाली उभी राहून रडायची.

आता गाणी. रॉक बॅलड हा फार लबाड प्रकार. सुरुवातीला एकच गिटार किंवा पियानो, गाणारा अगदी कानाशी येऊन बोलतो, आपण सैल होतो. दुसऱ्या कडव्याला बास येतो, म्हणजे खालच्या खोल सुरांची गिटार. आणि तिसऱ्याच्या तोंडाशी ड्रमवाला, जो इतका वेळ हात बांधून बसलेला असतो, तो दातओठ खात आत घुसतो. लोक तिकीट काढतात ते त्या घटकेसाठीच. तुला हवाय तो वाघ, पण दात काढलेला. मिळेल.

तीन गाण्यांनी सुरुवात कर. पहिलं रिकाम्या स्टेशनचं. त्यात ड्रम काडीनं न वाजवता ब्रशनं घासलाय, कुठंही धसका नाही. दुसरं एकानं आईला लिहिलेलं, फक्त पियानो आणि गळा. तिसरं हिवाळी बंदराचं. ते थोडं चढतं, पण शेवट हळूहळू विरत जातो, कुणाला कळणारही नाही कधी संपलं. तिन्ही पेनड्राइव्हवर घातली आहेत.

स्पीकरचं तोंड माणसांकडे नको, भिंतीकडे. गाणं चालू असताना आवाजाच्या बटणाला हात लावायचा नाही. लोक काळजीपोटी कमी-जास्त करत राहतात, त्यानंच जास्त त्रास होतो. आणि दोन गाण्यांच्या मध्ये एक पूर्ण मिनिट काहीही नको. टाळ्याही नकोत.

तुझ्या वेल्डरना माझा नमस्कार. माणूस दर्दी दिसतो.

मामा


२२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

काल तुझ्या गाण्यांचा पहिला तास झाला. स्टेशनचं गाणं सगळ्यांना आवडलं. आईच्या गाण्याला आमच्या शिक्षिकाबाई (अर्धशिशीमुळे शाळा सोडावी लागली) चक्क डोळे उघडे ठेवून बसल्या. वेल्डर रडले आणि "फार बरं वाटलं" म्हणाले. आमच्याकडे रडलं की बरं वाटतं, काळजी करू नकोस.

बंदराच्या गाण्यानं मात्र घात केला. मामा, ते विरत बिरत नाही. शेवटी सगळं थांबतं, दोन सेकंद शांतता, आणि मग झांज अशी काही कडाडते की मीच खुर्चीतून उडाले. बाई दोन्ही हातांनी डोकं धरून बाहेर गेल्या आणि दुपारभर अंधाऱ्या खोलीत पडून होत्या. तुझ्याकडून असं कसं झालं? दुसऱ्या कुठल्या गाण्याशी घोटाळा झाला का?

त्यामुळे मी सगळ्यांना विचारत बसले, नक्की काय सोसत नाही. वेल्डरना खालचे आवाज कितीही मोठे चालतात, पण गिटारची तार वर ताणत नेली की नको होतं. बाईंना गाणारा फार जवळून कुजबुजला की त्याचे स आणि श टोचतात. म्हणजे तू म्हणतोस ते 'कानाशी येऊन बोलणं' त्यांच्यासाठी वाईटच. मी समजत होते की हळू म्हणजे बरं, मोठं म्हणजे वाईट. तसं सरळ काही नाहीये.

आता खरं काम. आमच्यात एक टायमर आहे. एकोणतीस वर्षांचा, वाचनालयात परत आलेली पुस्तकं जागेवर लावतो. हे नाव त्यानं स्वतःच घेतलंय, गळ्यात कायम स्टॉपवॉच असतं. बोलतो कमी. काल त्यानं दोन वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून काही मागितलं. त्याला दीपगृहाचं गाणं हवंय, ते प्रसिद्ध लांबलचक. मी ऐकलं. तीन मिनिटांच्या जरा पुढे त्यात ड्रम कोसळतो. त्याची बहीण सांगते की घरी तो ते गाणं लावतो आणि त्या जागी कान गच्च दाबून डोलत बसतो. मग कशाला लावायचं, सांग? पण नाही म्हणायचा मला धीर होत नाही. तो ड्रम तुला काढता येईल का?

आई विचारते, तू जेवतोस ना नीट.

चिमी


२ मार्च

चिमे,

सोबत दीपगृह. ३:१२ ला ड्रम येत होता, त्याचा डोंगर मी कापून सपाट केला. वरचे तीक्ष्ण आवाजही छाटले, म्हणजे वेल्डरचंही भागेल. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आता गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत एका उंचीचं दिसतं. पाळण्यातल्या पोराला लावलंस तरी चालेल.

बंदराच्या गाण्याचं वाईट वाटलं. ते दोन प्रकारे निघालं होतं, माझ्या लक्षात दुसरं राहिलं. बाईंची माझ्या वतीनं माफी माग.

जेवतो. ताईला म्हणावं, साठ वर्षांची झालीस, आता मला बोळ्यानं दूध पाजायचं सोड.

मामा


१५ मार्च

मामा,

काल दीपगृहाचं गाणं लावलं. टायमर माझ्या शेजारी होता. तीन मिनिटं होताच त्यानं दोन्ही हात कानांवर घट्ट दाबले आणि मांडीवरच्या घड्याळाकडे बघायला लागला. मला वाटलं, आता बघ कसं हलकं वाटेल त्याला.

वेळ झाली. ड्रम आला नाही. त्यानं हात काढले नाहीत. गाणं संपलं तरी काढले नाहीत. मग "कुठे गेला?" असं म्हणायला लागला. सतरा वेळा म्हणाला, मी मोजलं, कारण मोजण्याशिवाय मला काही सुचत नव्हतं. मग भिंतीवर डोकं आपटायला लागला. मी मध्ये हात घातला. हात सुजलाय, मोडलेला नाही. बहीण येऊन त्याला घेऊन गेली.

त्याला तो ड्रम हवा होता, मामा. कान झाकायचा तो ड्रम नको म्हणून नव्हे, तर तो येणार हे ठाऊक असायचं म्हणून. सगळ्या आठवड्यात एकच धडाका असा होता की जो कधी येणार हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि तोच आपण चोरला. यात मी तुझ्याइतकीच दोषी आहे. त्याला न विचारता त्याच्यासाठी काय बरं ते मी ठरवून टाकलं. या नोकरीत पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच करू नका म्हणून.

पण अजून एक आहे. नंतर वेल्डर माझ्याकडे आले. म्हणाले, "ड्रम होता त्या ठिकाणी गाणाऱ्याचा शब्द अर्धा तुटलाय आणि टक् असा आवाज येतो. ज्यानं हे केलंय त्यानं ते कानानं ऐकलेलं नाही. मी डोळे मिटून सांधा जोडला तर असाच होईल." मी परत लावून ऐकलं. खरंच तसं आहे. मला, काही न कळणारीलासुद्धा, ऐकू आलं.

तू हे ऐकलंस का? बंदराचं ऐकलं होतंस का? खरं सांग, नाहीतर लिहूच नकोस.

चिमी


१ एप्रिल

प्रिय मामा,

पंधरा दिवस झाले. 'लिहूच नकोस' ते रागानं लिहिलं. तू अगदी शब्द पाळलास. आता लिही.

टायमर आलेला नाही. बहीण म्हणते, कामावरही जात नाही. घरी रोज दीपगृह लावतो, मूळचं, आणि ड्रम अजून जागेवर आहे का ते तपासतो. असतो. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासतो.

आई येऊन धडकणार होती तुझ्याकडे. मी थांबवलंय. किती दिवस थांबवेन सांगता येत नाही.

चिमी


६ एप्रिल

चिमे,

नाही ऐकलं. एकही नाही.

आता सगळंच सांगतो. दीड वर्षापूर्वी शेवटचा कार्यक्रम झाला, मैदानावरचा. तयारी चालली होती आणि मी एका मोठ्या स्पीकरपासून दोन हातांवर उभा होतो. मंचावर कुणीतरी चुकीचा माइक उघडला आणि स्पीकरनं कर्कश शीळ धरली. अशा शिट्या मी हजार ऐकल्या असतील. त्या आल्या आणि गेल्या. ही मात्र कानातच राहिली. दुसऱ्या दिवसापासून कपात चमचा हलला तरी कानात सुई जायला लागली. स्टीलची बादली काढून प्लॅस्टिकची आणली. घरात बूट नाही, शिट्टीचा कुकर नाही. फोनची घंटा बंद. आणि ताई फोनवर कशी बोलते तुला माहीत आहे, गाव जितकं लांब तितकं जोरात ओरडायचं असं तिला वाटतं. तिचा आवाज मला दुखतो हे तिला कसं सांगू? तिचं काळीज फुटेल. त्यापेक्षा भाऊ विक्षिप्त झाला असं वाटलेलं बरं.

कंटाळा वगैरे काही नाही गं. मला गाण्याशिवाय करमत नाही. कपाट भरून रेकॉर्ड आहेत, मी त्यांच्यावरची धूळ पुसतो आणि परत ठेवतो.

तुझं पत्र आलं तेव्हा वाटलं, आठवणीवर भागेल. मग दीपगृहाचं काम मी स्पीकर बंद करून केलं. रेषा बघून. पस्तीस वर्षं नवीन पोरांना ओरडलोय की पडद्याकडे बघू नका, ऐका. वेल्डरनी बरोबर पकडलं. त्यांच्यापुढे मान वर करायची सोय राहिली नाही.

टायमरना वेगळी चिठ्ठी लिहिली आहे, सोबत आहे, पाकीट न फोडता द्यायची गरज नाही, तू वाच. मी त्यात क्षमा मागण्यात फार शब्द घालवलेले नाहीत. कुठल्या सेकंदापासून कुठल्या सेकंदापर्यंत मी काय कापलं, किती कापलं, का कापलं, आणि मूळ रेकॉर्डला हात लावलेला नाही, तो ड्रम जगातल्या प्रत्येक प्रतीत जागच्या जागी आहे, एवढं लिहिलंय. मला वाटतं त्यांना तेवढंच हवं असेल. मला कुणी असं सांगितलं असतं तर मलाही तेवढं पुरलं असतं.

तुझा हात कसा आहे?

मामा

ता. क. ताईला काय सांगायचं ते तू ठरव. मला जमत नाही.


१९ एप्रिल

प्रिय मामा,

आईला सांगितलं. काळीज फुटलं नाही. दहा मिनिटं रडली, मग म्हणाली, "मी हळू बोलेन की! एवढंच होतं तर." तेव्हापासून घरात हळू बोलायचा सराव चाललाय. बाबा म्हणतात, भावाचे उपकार झाले. तिला तुझी चिठ्ठी हवी आहे, दोन ओळी का होईना.

टायमरनं तुझं पत्र दोनदा वाचलं. मग घड्याळ लावून ताडून पाहिलं आणि खाली पेन्सिलीनं लिहिलं, 'ड्रम ३:११ ला आहे. ३:१२ ला नाही. बाकी बरोबर.' काल तासाला आला! येताना एक कागद घेऊन आला आणि विचारल्याशिवाय भिंतीवर चिकटवला. दीपगृहाच्या गाण्याचं वेळापत्रक. कुठे गिटार वर चढते, कुठे गाणारा कुजबुजतो, कुठे काय थांबतं, सगळं सेकंदांसकट. मी मूळ गाणं लावलं. वेल्डरनी गिटारच्या जागी बांधकामावरचे ते जाड कानबंद चढवले, नंतर काढले. बाई कुजबुजीपुरत्या बाहेर गेल्या आणि बरोबर वेळेला परत आल्या. ३:११ ला ड्रम कोसळला तेव्हा सगळे तयार होते. मामा, कुणीही दचकलं नाही. बाई तर हसत होत्या. आठ मिनिटांचं गाणं सातही जणांनी संपवलं.

म्हणजे आपण दोघं इतके दिवस चुकीचं काम करत होतो. सोसणारं गाणं शोधायचं नव्हतं, पुढे काय येणार ते आधी सांगायचं होतं. आता ठरलंय असं, की गाणी तू निवडायचीस, ऐकून वेळापत्रक टायमर करणार.

आणि तू यायचंस. मदतनीस म्हणून नाही. आठवी खुर्ची ठेवतेय. वेल्डरच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलंय की शांततेत कोंडून घेतलं तर कान आणखी भित्रे होतात, थोडं थोडं ऐकत राहायचं. तेच डॉक्टर तुलाही बघतील, मी वेळ घेते.

चिमी


३ मे

चिमे,

ताईला लिहिलं.

गाणी निवडून पाठवतो, कागदावर. टायमरना म्हणावं, ३:११ मान्य. माणूस सेकंदाचा पक्का आहे, माझ्या हाताखाली असता तर सोनं केलं असतं.

येत नाही. रागावू नकोस. चार तासांची बस, तिचे हॉर्न, स्टँडवरचा भोंगा, हे एक झालं. काल मी प्रयत्न केला. स्पीकर आतल्या खोलीत, दार बंद, मी स्वयंपाकघरात, स्टेशनचं गाणं. चाळीस सेकंद ऐकलं आणि बंद केलं. खरं सांगू? इतकं दुखलं नव्हतं. दुखेल म्हणून बंद केलं.

दुसरं म्हणजे लाज वाटते. मोठमोठे गायक माझ्याकडे बघून मान हलवायचे, आवाज ठीक आहे का म्हणून. तो माणूस आता खुर्चीत बसून कान दाबणार, लोकांसमोर. वेल्डरना तोंड कसं दाखवू? तू म्हणशील, ते सगळे तसेच आहेत. कळतं गं. कळून वळत नाही.

मामा


१० मे

नमस्कार.

तुमच्या भाचीनं तुमचं पत्र मला वाचायला दिलं. तिनं ते विचारून द्यायला हवं होतं.

बसस्टँडवर भोंगा दर अर्ध्या तासाला वाजतो, शून्य आणि तीस मिनिटांना. तुमच्या गावाची बस एक वाजून पन्नास मिनिटांना लागते. मी पाच दिवस बघितलं. चार दिवस वेळेवर, एक दिवस सहा मिनिटं उशीर. म्हणून उतरल्यावर थांबू नका. उजव्या दारानं बाहेर पडा. डाव्या दाराशी चावी करणाऱ्याचं यंत्र आहे. पुढे दोनशे दहा पावलं काही नाही. मग शाळा, शाळेला आता सुट्टी आहे. केंद्राच्या फाटकाची कडी वाजते, मी ती दोन ते सव्वादोन धरून उभा राहीन. जिना सिमेंटचा आहे. खोलीत आवाज नाही.

वेल्डर म्हणाले, तोंड लपवायची गरज नाही, त्यांनी एकदा एका पुलाचा सांधा चुकवला होता, तो परत करावा लागला.

तुम्ही पाहुणे म्हणून यायचं नसेल तर काम आहे. ३:११ च्या पाच सेकंद आधी कुणीतरी हात वर करायला हवा, म्हणजे ज्यांना घड्याळ बघता येत नाही त्यांना कळतं. माझे हात तेव्हा कानांवर असतात. बाई करतात, पण त्या दोन सेकंद उशीर करतात. ते चालत नाही. तुम्ही एक सेकंद चुकला होतात, तोही न ऐकता. ते चालेल.

१६ मे, शुक्रवार, तीन वाजता.

टायमर


१९ मे

श्री. टायमर यांस,

सप्रेम नमस्कार.

काल घरी पोचलो. दोन दिवस बहिणीकडे राहिलो. ती इतकी हळू बोलते की मला तीनदा "काय?" विचारावं लागलं, आणि मग दोघंही हसत सुटलो.

तुमच्या पत्रकात दोन दुरुस्त्या. दोनशे दहा पावलं तुमची, माझी दोनशे सदतीस भरली. आणि शाळेला सुट्टी असली तरी तिथे रंगकाम चालू आहे, शिडी सरकवतात. तेवढ्यात मी कान झाकले. रस्त्यात, चारचौघांत. कुणी बघितलंही नाही.

तुम्ही शुक्रवारी मला दोन प्रश्न विचारलेत, त्यांची उत्तरं लिहितो. पहिला, मी हात वर केला पण नंतर तो खाली का घेतला नाही, कान का झाकले नाहीत. हात मी ३:०६ ला वर केला, तुम्ही म्हणालात वेळ बरोबर होती. पाच सेकंद होते, झाकता आले असते. झाकायचे ठरवूनच आलो होतो. पण दीड वर्ष झालं होतं हो. म्हटलं, येऊ दे. आला. दुखलं, चांगलंच दुखलं, अजून डावा कान वाजतोय. चिमीनं ज्यांची वेळ घेतलीय त्या डॉक्टरांना बुधवारी भेटणार आहे आणि ते मला झापतील. पुढच्या वेळी झाकीन. पण ऐकलं, सगळं, शेवटपर्यंत.

दुसरा प्रश्न, मी ड्रमच्या आवाजानं रडत होतो का, कारण तसं असेल तर तुम्हाला ते गाण्याच्या वेळापत्रकात लिहावं लागेल. नाही. ड्रमचा काही संबंध नाही. ते आधीच सुरू झालं होतं, बास येतो तिथे. लिहायचंच असेल तर २:४८ लिहा.

आपला,
मामा